चिखलातला ट्रक आणि जवाईबापूंचा प्रिंटर

कॉम्प्युटर विकणाऱ्या तमाम दुकानदारांना माझं हात जोडून, खरं म्हणजे हात उगारून, एक सांगणं आहे. साठी ओलांडलेली बाई दुकानात आली आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर दाखवा म्हणाली, तर तिला ‘नातू कितवीत आहे?’ असं विचारू नका. मला नातू नाही. एक नात आहे, ती नागपूरला शिकते आणि तिचं तिच्याजवळ सगळं आहे. कॉम्प्युटर मला पाहिजे होता. गुडघे कुरकुरतात, जाड चष्मा आहे आणि जेवताना एकाच बाजूनं चावावं लागतं, त्या मला.

आज हे मी ज्या तोऱ्यात लिहिते आहे, त्या तोऱ्यात तेव्हा बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची. त्या वयात बाईला काय कळतं? आता सदुसष्टीत आल्यावर त्या पोरीकडे मागे वळून पाहते, तर तिचा कान पिळावासा वाटतो.

माझं ट्रकचं वेड कुठून आलं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल म्हातारीला चळ लागला.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी एटापल्ली तालुक्यात नर्स होते. लसीकरणाच्या दिवशी जीप यायची. पुढे ड्रायव्हर, त्याच्या बाजूला डॉक्टर आणि मागच्या आडव्या बाकावर मी, मांडीवर लसींचा डबा. पावसाळ्यात सूरजागडकडच्या रस्त्याला जीप रुतायचीच. रुतली की ड्रायव्हर मागे न पाहता म्हणायचा, “बाई, उतरा, वजन कमी करा.” मी उतरायचे. मग म्हणायचा, “आता जरा धक्का द्या, बाई.” मी लसींचा डबा डॉक्टरांच्या हाती द्यायचे आणि धक्का द्यायचे. वजन म्हणाल तर त्या डब्यात आणि माझ्यात फारसा फरक नव्हता. तरी चाकं गरागरा फिरली की सगळा चिखल माझ्याच पांढऱ्या साडीवर. डॉक्टर बसून राहायचे, कारण डबा सांभाळायचा होता ना!

आणि ती दोन वेण्या घालणारी शहाणी, म्हणजे तेव्हाची मी, काय करायची? जीप निघाली की टाळ्या वाजवायची! चिखलानं माखलेली, रस्त्याच्या मधोमध उभी राहून, जशी काही तिची वरात निघाली. मग पळत जाऊन मागच्या बाकावर चढायची. जीप तिच्यासाठी थांबायचीही नाही पुरती.

एकदा मात्र तिनं तोंड उघडलं. म्हणाली, “भाऊ, आज मी स्टिअरिंग धरते, तुमी धक्का द्या. तुमी अंगानं भारी हाव, गाडी लवकर निघन.”

ड्रायव्हर इतका हसला की त्याला ठसका लागला. “बाई, गाडी म्हंजे इंजेक्शन हाय का? टोचलं का झालं?”

डॉक्टर हसले. आणि ज्याचा मला आजही संताप येतो ते म्हणजे, मीही हसले. पदर तोंडाशी धरून, जसा काही विनोद दुसऱ्याच कोणाचा झाला होता. मग उतरले आणि धक्का दिला.

पुढे लग्न झालं, बदली होत होत गडचांदूरला आले. घरधनी सिमेंट कारखान्यात होते; ते गेले, लेक लग्न होऊन राजुऱ्याला गेली, मी निवृत्त झाले. घर रस्त्यालगत. दिवसभर दारासमोरून ट्रक जातात. ओसरीवर बसून मी चालकांची तोंडं पाहत असते. दाढीवाली, मिशीवाली, कोवळी, पिकलेली. बाईचं तोंड एकदाही दिसलं नाही. तिकडे ज्या रस्त्यावर मी जीप ढकलली, तिथं आता लोहखनिजाचे अवजड ट्रक धावतात म्हणे. तिथंही स्टिअरिंगवर बाई नसणार, आणि गाडी रुतली तर उतरायला सांगायला मात्र कोणीतरी सापडत असेल.

तर त्या दिवाळीत नात सुट्टीवर आली. मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन आली होती आणि दुपारी ओसरीवर बसून काहीतरी खेळत होती. मी सहज डोकावले. जंगल होतं. पाऊस होता. लाल चिखलाचा रस्ता, आणि त्यात लाकडाचे ओंडके लादलेला ट्रक रुतलेला. मी म्हटलं, “हे कुठचं गाव हाय? पेरमिलीकडचं दिसते.”

“गाव नाई आजी, गेम हाय. ट्रक चिखलातून काढाचा अन् पल्याड न्याचा. बस.”

“धक्का कोण देते?”

“कोणीच नाई. आपुनच चालवाचा. घे, बस इथी.”

मी बसले. पहिल्या झटक्यात ट्रक नाल्यात घातला. मग एका झाडावर. नात हसून लोटपोट, पण हे हसणं वेगळं होतं, त्यात ‘पुन्हा कर’ होतं. मी पुन्हा केलं. हळू, अगदी हळू, चाक जरासं डावीकडे. पुढच्या चाकांनी कुठंतरी घट्ट जमीन धरली, इंजिन घरघरलं आणि तो एवढा मोठा ट्रक, ओंडक्यांसकट, चिखलातून वर आला. कोणी उतरलं नाही. कोणाची साडी खराब झाली नाही. चाक माझ्या हातात होतं.

मी लॅपटॉपवरून हात काढले. नातीला म्हटलं, “मले हे पायजे.”

“गेम?”

“गेम, कॉम्प्युटर, जे जे लागते ते. माह्या घरी, माह्या टेबलावर. मले रोज हा ट्रक काढाचा हाय.”

नातीनं हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल तिचे सगळे गुन्हे माफ. ती मांडी घालून बसली आणि मला नीट समजावून सांगितलं. “आजी, बत्त्या पाहू नको, डब्बा पाहू नको. आधी दुकानदाराले सांग का हा गेम खेळाचा हाय, मंग कॉम्प्युटर दाखवा म्हन. अन् एकच गोष्ट इचार. ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकून राह्यले? ते नसन तर तुहा ट्रक हालनार नाई.”

मला हे एका झटक्यात पटलं. आधी रोगी पाहायचा, मग औषध द्यायचं. आयुष्यभर तेच तर केलं. लसीकरणाचं वेळापत्रक पाठ असायचं तसं मी हे पाठ केलं. भाजी चिरताना म्हणायचे, ग्राफिक्स कार्ड. कपडे वाळत घालताना म्हणायचे, ग्राफिक्स कार्ड. पेन्शनीतून जमवलेलं बाजूला काढलं आणि लेकीला फोन केला की मी अमुक दिवशी चंद्रपूरला चालले.

लेकीनं जवाईबापूंना सांगितलं. संपलं.

जवाईबापू माणूस सोन्यासारखा. राजुऱ्याला एका कचेरीत असतात आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांचे दाखले काढतात. त्यामुळे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तारेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचे जाणकार तेच. कोणाचा मोबाइल बंद पडला, कोणाचा मिक्सर जळला, जवाईबापूंना फोन. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “बंद करून चालू करा.” बहुतेक वेळा चालूही होतं, हीच तर पंचाईत.

आता बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेत आमच्या घरातून देव गेले. माझ्या सासऱ्यांनी देव्हारा उचलून नदीत सोडला. नवस गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. सगळं गेलं, जवाई तेवढा राहिला. जवाई आला की खाट झटकायची, कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायचं, पहिलं ताट त्याचं. आणि चारचौघांत जवाई जे बोलेल त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. सासूनं तर नाहीच नाही. इतकी वर्षं आम्ही जुन्या रूढींवर भाषणं ऐकली, टाळ्या दिल्या, घरी आलो आणि जवाईच्या पायाशी तांब्या ठेवला! कोणी सांगितलं होतं हे? ज्यानं सांगितलं त्याचा पत्ता द्या मला, मी बसनं जाते.

तर मी गडचांदूरहून निघाले, राजुऱ्याला जवाईबापू बसमध्ये चढले. माझ्या बाजूला बसून म्हणाले, “आई, तुमी टेन्शन घेऊ नका. मी हाव.”

दुकान प्रशस्त होतं. दुकानदार उठून उभा राहिला तो जवाईबापूंसाठी. “या साहेब, या.” मी हळूच म्हटलं, “गेम खेळाचा कॉम्प्युटर पायजे.” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बसा बाई. नातू कितवीत आहे?”

मी तोंड उघडणार, तोच जवाईबापू म्हणाले, “नातू नाई, आईलेच हौस हाय.”

“अरे वा!” दुकानदार म्हणाला, लहान मुलानं पाढा म्हणून दाखवल्यावर म्हणतात तसं. “बरं राहीन बाई, घरबसल्या प्रवचन-गिवचन ऐकाले.”

प्रवचन! चिखल, पाऊस आणि ओंडके माझ्या डोक्यात, आणि हा मला प्रवचनाला बसवतो! तिथंच त्याला सुनवायला हवं होतं. पण ती बासष्टीची गोगलगाय खुर्चीच्या काठावर बसली, पिशवी मांडीवर धरून, अगदी लसींचा डबा धरायची तशी.

“मोठा डब्बा दाखवा,” जवाईबापू रक्कम सांगून म्हणाले. “लहान डब्ब्यात काई राहत नाई.”

दुकानदारानं एक भलं थोरलं कॅबिनेट पुढे ओढलं. बाजूला काच, आत बत्त्या. बटन दाबलं तशा लाल झाल्या, मग निळ्या, मग जांभळ्या. आणि आता माझ्या त्या धाकट्या अवताराची अक्कल पाहा. नातीनं बजावलं होतं, बत्त्या पाहू नको. ही पाहतच राहिली. जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे पाहावं तसा आ वासून. म्हणे, “किती सुंदर हाय!” कॉम्प्युटर घ्यायला आली होती की लग्नाच्या मांडवाला रोषणाई करायला, कोण जाणे.

“अन् प्रिंटर?” जवाईबापूंनी विचारलं.

दुकानदार जरा थांबला. माणूस तसा खोटा नव्हता. म्हणाला, “साहेब, गेम खेळाचा असन तर ग्राफिक्स कार्ड टाका लागते. तुमी सांगतल्या रकमेत कार्ड तरी बसन नाईतर प्रिंटर तरी. दोनी नाई बसत.”

ऐका. देवच मानत नाही म्हणून, नाहीतर म्हटलं असतं की देवानं त्याच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर पुढ्यात टाकलं. मी फक्त मान हलवायची होती.

जवाईबापू म्हणाले, “कार्ड नंतर टाकता येते. आमच्या ऑफिसात एकाही मशीनमंदी नाई, तरी धडाधड चालून राह्यल्या. प्रिंटर पायजेच. प्रिंटर नसन तर कॉम्प्युटर घेऊन करता काय?” आणि मग, माणूस मुळात चांगला म्हणून, ते माझ्याकडे वळले. “काऊन आई, बराबर हाय ना?”

विचारलं हो त्यांनी! मला विचारलं! तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. ग्राफिक्स. पुढचं तर आपोआपच आलं असतं. दुकानदार पाहत होता, जवाईबापू पाहत होते, काचेतल्या बत्त्या जांभळ्या झाल्या होत्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, “जवाईबापू म्हनतात ते बरोबरच असन.”

प्रिंटर! मी काय प्रिंट करणार होते? चिखल?

घरी सगळं मांडून झालं. जवाईबापूंनी स्वतः तारा जोडल्या, एक कागद छापून दाखवला. त्यावर माझं नाव होतं, चारही बाजूंनी फुलांची नक्षी. मी तो कागद भिंतीला लावला, काय करता. नातीनं फोनवरून सांगत सांगत गेम टाकून दिला. त्या वेळी तिची परीक्षा चालू होती, त्यामुळे डब्यात काय आहे ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गेम सुरू झाला. जंगल आलं, पण अर्धंच. झाडांना पानं नव्हती. पाऊस हवेतच अडकला. मी ट्रक पुढे घेतला. तो हलला नाही. मग एकदम उडी मारून पुढे गेला आणि पुन्हा थिजला. म्हणजे शाळेत भिंतीवर एकेक चित्र दाखवायचे, तसा. मी चाक डावीकडे वळवायचे आणि ट्रक माझं ऐकेपर्यंत नाल्यात पोचलेला असायचा. आत बत्त्या मात्र झकास. लाल, निळ्या, जांभळ्या.

मी जवाईबापूंना फोन केला. ते म्हणाले, “बंद करून चालू करा.” केलं. तसंच. तोवर उन्हाळा चढला होता, आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे विचारायची सोय नाही. दुसऱ्या फोनला त्यांनी निदान केलं. “आई, ते गरम होऊन राह्यलं. गेमिंग कॉम्प्युटर गरम होतेच. त्याच्यासमोर कूलर लावा.”

हे चंद्रपूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सुचणार नाही आणि आतल्याला दुसरं काही सुचणार नाही. आमच्याकडे आजारी माणूस, पाहुणा, बाळंतीण, पिकायला टाकलेले आंबे, सगळ्यांवर एकच उपाय, कूलर. मी कूलरचं गवत बदललं, टाकी भरली, कॅबिनेट स्टुलावर ठेवलं आणि स्टूल कूलरच्या तोंडाशी. गार, ओला वारा थेट त्याच्या अंगावर. आणि मी? मी कोपऱ्यात, जिथं वारा पोचत नाही तिथं, घामाच्या धारा पुसत, थिजलेल्या ट्रककडे पाहत बसलेली. जवाईला कूलर दिला जातो, तसा जवाईच्या कॉम्प्युटरलाही दिला. एवढी आज्ञाधारक पोरगी मी उभ्या जन्मात दुसरी पाहिली नाही.

आता गडचांदूरची हवा. आमच्याकडे दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय कोणी घडी घालत नाही. आंब्याच्या पानांवर, खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कुरड्यांवर राखाडी भुकटी बसते. ती कोरडी असते तोवर फडकं मारलं की जाते. तिला पाणी लागलं की ती काय करते, हे कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या बायकोनं ओळखायला नको होतं? रोज दुपारी मी त्या डब्यावर भुकटी आणि पाणी एकत्र फुंकत होते. घर बांधताना मिस्त्री करतो, तेच.

आधी डब्यातून करकर आवाज यायला लागला. मग खरवडल्यासारखा. एक दिवस बत्त्या जांभळ्या झाल्या त्या तशाच राहिल्या, आणि सगळं बंद पडलं. बंद करून चालूही झालं नाही.

तेव्हा मात्र माझ्यातली नर्स जागी झाली. आयुष्यात पहिल्यांदा जवाईबापूंना फोन न करता मी नातीला केला, व्हिडिओवर. तिनं वायर काढायला सांगितली, काचेचे स्क्रू कसे फिरवायचे ते सांगितलं. काच निघाली. आत पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर बसला होता. फडक्यानं पुसला तर निघेना. नखानं टकटक केलं तर आवाज आला. प्लास्टर झालं होतं हो! माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात!

मी जखम धुवायला बसतात तशी बसले. कापसाचा बोळा, स्पिरिट, बारीक ब्रश. खरवडून खरवडून पंखा मोकळा केला. नात तिकडून पाहत होती. मग म्हणाली, “आजी, कॅमेरा जरा खाली घे. अजून खाली. तिथी ती लांब पट्टी दिसते ना, रिकामी?”

“हो.”

“कार्ड तिथी असते. काढून ठेवलं का तू?”

“नाई.”

“मंग?”

मी ब्रश पुन्हा पंख्यावर फिरवला. ती हुशार पोरगी, तिनं मागे भिंतीवर फुलांच्या नक्षीतलं माझं नाव पाहिलं, टेबलावरचा प्रिंटर पाहिला आणि कपाळाला हात लावला. “बाबानं प्रिंटर घेतला ना? कार्डाऐवजी? अन् तू काऊन नाई बोलली? तुले तर मालूम होतं!”

“तुहा बाप माहा जवाई हाय,” मी म्हटलं.

“मंग? ट्रक तू चालवणार होती का तुहा जवाई?”

फोन ठेवला आणि मी त्या उघड्या डब्यासमोर बसून राहिले. राग जवाईबापूंचा आला, दुकानदाराचा आला, त्या पत्ता नसलेल्या माणसाचा आला ज्यानं जवाईला डोक्यावर बसवलं. पण सगळ्यात जास्त त्या पदर सारखा करणाऱ्या बाईचा. ड्रायव्हरनं हसून खाली उतरवलं ते एक वेळ ठीक, जीप सरकारची होती. हा कॉम्प्युटर तर माझा होता! माझ्याच गाडीतून मी स्वतः होऊन उतरले आणि धक्का देत बसले.

डबा आता चालू तर होत होता, पण ट्रक तसाच थिजलेला. दिवाळीआधी पुन्हा थोडं जमवलं आणि चंद्रपूरला जायचं ठरवलं. लेकीला सांगितलं नाही, पण आमच्याकडे न सांगितलेली गोष्ट आधी पोचते. जवाईबापूंचा फोन आला. “आई, एकट्या जाऊ नका. तुमाले फसवतीन. मी येतो.”

मी विचार केला. नको म्हणता येत नाही, ते तर ठरलेलंच. बरं, नाही म्हणता येत नाही ना? मग होच म्हणू. जरा जोरात म्हणू.

शेजाऱ्यांची गाडी सांगितली. मागे कॅबिनेट चादरीत गुंडाळून ठेवलं, त्याच्या बाजूला प्रिंटर. राजुऱ्याला लेकीच्या दारात गाडी थांबवली. जवाईबापू बाहेर आले तसा मी त्यांच्या खांद्यावर नवा शेला घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि प्रिंटर त्यांच्या हातात दिला.

“हे काय, आई?”

“आहेर. दिवाळीचा. सासूचा आहेर वापस करत नाईत.”

लेक दारातून पाहत होती. तिनं पदर तोंडाशी धरला, पण हसू लपवण्यासाठी धरला, एवढं मला दिसलं. जवाईबापूंनी प्रिंटर आत नेऊन ठेवला. टोपी काढायला हात वर गेला तशी मी म्हटलं, “राहू द्या, जवाईबापू. मान हाय.” राहिली.

दुकानात शिरलो. दुकानदार उठला. “या साहेब, या! कुठी लग्न हाय का?”

मी काउंटरच्या आतली चाकाची खुर्ची बाहेर ओढली, पंख्याखाली ठेवली. “बसा, जवाईबापू. तुमी उठाचं नाई. जवाईले उभं ठेवलं म्हनून लोक मले नावं ठेवतीन. भाऊ, साहेबांसाठी चहा सांगा, साखर बरी टाकून.”

ते बसले. बसावंच लागलं. आजवर ज्या मानानं माझं तोंड बंद केलं, तोच मान मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि काउंटरवर गेले.

“काय देऊ बाई? नातवासाठी...”

“नाई!” दुकानातली सगळी माणसं वळून पाहतील एवढ्या आवाजात मी म्हटलं. “माह्यासाठी. मी खेळते. मले चिखलातून ट्रक काढाचा हाय. या डब्ब्यात कार्ड नाई, ते टाकाचं हाय. त्याले पुरन असा पॉवर सप्लाय पायजे. अन् टाकून झाल्यावर इथी, या टेबलावर, माहा गेम लावून दाखवाचा. चालला तरच पैसे.”

मागून आवाज आला, “आई, मले वाटते...”

“चहा थंडा होऊन राह्यला, जवाईबापू.”

दुकानदारानं डबा उघडला. पंख्याच्या कडेला राहिलेली राखाडी पाहून म्हणाला, “बाई, हे काय झालं?”

“कूलर,” मी म्हटलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही. चंद्रपूरचाच होता.

कार्ड बसवलं. मी खुर्चीत बसले, टेकून, पिशवी खाली ठेवून. पडद्यावर जंगल आलं, सगळ्या पानांसकट. पाऊस पडायला लागला आणि पडतच राहिला. लाल रस्ता, ओंडके, ट्रक मागच्या चाकांपर्यंत रुतलेला. मी चाक थोडं डावीकडे घेतलं. ट्रकनं लगेच ऐकलं. हळू. अजून हळू. चाकं फिरली, चिखल उडाला आणि काचेच्या आतच राहिला. पुढच्या चाकानं काहीतरी घट्ट धरलं. ट्रक एकदा मागे कलला, एकदा पुढे, आणि मग घरघरत वर आला.

मागे टाळ्या वाजल्या. जवाईबापू, शेला-टोपीसकट, खुर्चीतून अर्धे उठले होते. “निघाला! आई, निघाला!”

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे हात गुंतलेले होते.

मग ते खुर्ची चाकांवरून सरकवत सरकवत माझ्या बाजूला आले. उठायचं नाही म्हटलं होतं, ते त्यांनी पाळलं. पडद्याकडे पाहत हळूच म्हणाले, “आई, मले एक डाव देता का?”

मी पुढचं वळण घेत होते. “बसा, जवाईबापू,” म्हटलं, “पाहुन्यानं काम करू नाई.”